पिन पकडतो का ते आधी बघा, हजार यार्डांचं नंतर

बाबांसाठी गोल्फचा लेझर रेंजफाइंडर (झेंड्यापर्यंतचं अंतर मोजणारं, डोळ्याला लावायचं यंत्र) घ्यायचा म्हणून दिवाळीनंतर दीड महिना मी जे काय वाचलं, लोकांना विचारलं, एक मागवला, परत केला, मग दुसरा घेतला, ते सगळं इथे लिहून ठेवते. शेवटी घेतला तो निकॉनचा कूलशॉट प्रो टू स्टॅबिलाइज्ड. तीन महिने झालेत, आठवड्याला दोन राउंड धरा, आणि आता मी खात्रीने सांगू शकते की दीड महिन्यातला पहिला एक महिना मी चुकीचे आकडे बघत बसले होते.

आधी आमचं सांगते म्हणजे तुम्हाला तुमचं ताडून बघता येईल. बाबा 72 वर्षांचे, नोकरीतून निवृत्त झाल्यावर गोल्फ शिकले, लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर खेळतात. बडोद्याबाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते, हा कोर्स 1930च्या दशकात प्रतापसिंह महाराजांनी युरोपियन पाहुण्यांसाठी करून घेतला होता आणि 1990च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी तो नव्याने तयार करून सगळ्यांसाठी खुला केला. जमीन आपल्या बडोद्यासारखीच, बहुतेक सपाट, आणि झाडं भरपूर. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, सपाट आणि झाडं भरपूर, कारण माझी सगळी निवड शेवटी यावरच ठरली. मी स्वतः चार वर्षांपूर्वी बाबांच्या मागे लागून शिकले, सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबने (बॉल मारायच्या काठीने), माझा बॉल 105 यार्ड जातो, बाबांचा आता 120च्या आसपास, पूर्वी जास्त जायचा.

लेझर हवा कशाला हा प्रश्न आईने पहिल्या दिवशीच विचारला, कॅडी (बॅग घेऊन सोबत चालतो तो मदतनीस) सांगतोच की. खरं आहे, आमचा कॅडी लांबूनच म्हणतो "दोढसो छे काका, सात नंबर आपुं?" (दीडशे आहे, सात नंबर देऊ?) आणि त्याचा अंदाज वाईट नसतो. पण तो अंदाज धरतो 150च्या खुणेवरून, आणि त्या खुणा बहुतेक कोर्सवर ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, मध्यापर्यंतच्या असतात. ग्रीन समजा 30 यार्ड खोल आहे आणि आज पिन, म्हणजे होलमधली झेंड्याची काठी, अगदी मागे लावलीये तर तुमचे 150 झाले 163, म्हणजे एक पूर्ण क्लब कमी पडला, आणि पिन पुढे असेल तर उलटं. जोरात मारणारी तरुण मंडळी हे निभावून नेतात, बाबांच्या वयाच्या माणसाला एक क्लब कमी पडला की बॉल समोरच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, आणि बंकरमधून बाहेर काढायला जी ताकद लागते ती आता नाहीये. मागच्या पावसाळ्यानंतर बाबा दोनदा म्हणाले की आता मला अंतरच कळत नाही, मी सोडतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं दिसतं पण किती लांब ते समजत नाही. म्हणून घ्यायचा ठरवला.

आता माझी चूक. ऑनलाइन बघायला लागलं की प्रत्येक डब्यावर पहिला मोठा आकडा असतो तो रेंजचा, 800 यार्ड, 1000 यार्ड, 1300 यार्ड, आणि माणसाला वाटतं जास्त तेवढा चांगला. मी दहा हजारांच्या आतला एक घेतला, 1000 यार्डवाला. घरी आल्यावर गच्चीवरून समोरच्या सोसायटीच्या भिंतीवर धरला, आकडा ताबडतोब. लांबच्या पाण्याच्या टाकीवर धरला, तोही ताबडतोब. मी खूश. कोर्सवर नेला आणि पहिल्याच होलला पिनवर धरला तर 171, परत दाबलं 148, परत 171, परत 173. मागे झाडी होती ती पकडत होता. त्या दिवशी बाबांनी नऊ वेळा लावला असेल, त्यातल्या चार वेळाच आकडा भरवशाचा वाटला, आणि कुठले चार ते आम्हाला कॅडीनेच सांगितलं! मग उपयोग काय. परत करायची मुदत होती म्हणून पैसे मिळाले.

असं का होतं ते मला नंतर कळलं आणि हे कळल्यावर बाकी निवड एकदम सोपी झाली. यंत्र लेझरची झटक्यासारखी एक पल्स सोडतं, डोळ्यांना न दिसणारी, ती समोर आपटून परत येते आणि किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. 150 यार्ड म्हणजे 137 मीटर, जाऊन येऊन 274 मीटर, प्रकाशाला तेवढं जायला सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा पूर्ण लागत नाही. एका यार्डाचा फरक ओळखायचा तर साधारण सहा अब्जांश सेकंद मोजता आले पाहिजेत. हे काम आज स्वस्त यंत्रंसुद्धा करतात, कौतुकच आहे. अडचण दुसरीच आहे. लेझर म्हटलं की आपल्याला सुईसारखी रेघ वाटते, तशी ती नसते, जसजशी लांब जाते तशी पसरते, आणि दीडशे यार्डांवर तिचा ठिपका झेंड्याच्या काठीपेक्षा किती तरी रुंद झालेला असतो. म्हणजे थोडा प्रकाश काठीवरून परत येतो आणि बराचसा मागच्या झाडावरून. दोन उत्तरं आली, आता त्यातलं कुठलं दाखवायचं हे यंत्राने ठरवायचं. गोल्फच्या यंत्रात जवळच्याला पहिला मान असतो, मागचं सोडून देतात. शिकारीसाठी, जंगलासाठी बनवलेल्या यंत्रात बरेचदा उलटं असतं, कारण तिथे समोरचं गवत आणि फांद्या सोडून मागचा प्राणी हवा असतो. दोन्ही दिसायला सारखे, किंमत सारखी, ऑनलाइन एकाच पानावर, आणि गोल्फला ते शिकारीवालं कामाचं नाही. तसंच ते बांधकामवाल्यांचं लेझर टेप, लाल ठिपका पडतो ते, ते पण नाही चालत, माझ्या भावाकडे आहे, खोल्या मोजायला उत्तम, पण उन्हात दीडशे यार्डांवर त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं, रेंजचा आकडा विसरा. आपल्याला 200 यार्डांच्या पुढे पिन मोजायची वेळ किती येते? मला तर कधीच नाही. विकत घ्यायच्या आधी, किंवा परत करायची मुदत संपायच्या आधी, एकच परीक्षा घ्या, बारीक उभी वस्तू आणि तिच्या मागे वीसेक यार्डांवर दाट झाडं. भिंतीवर, गाडीवर, इमारतीवर सगळेच पास होतात, दुकानदार पण तेच दाखवतो, रस्त्यापलीकडची पाटी. मी दुसऱ्या वेळी कमाटीबागेत गेले, सकाळी सहा-साडेसहाला, तिथे एक बारीक खांब आणि मागे झाडी अशी जागा शोधली, पावलांनी साधारण 120 मोजले आणि दहा वेळा बटण दाबलं. दहातले नऊ वेळा खांब आला पाहिजे. सहा-सात वेळा येत असेल तर घेऊ नका, कारण कोर्सवर तुमचा हात यापेक्षा जास्त हलणार आहे. फक्त समोर माणसं चालत नाहीत ना ते बघा. ही यंत्रं साधारणपणे अशा हलक्या लेझरची असतात की नुसत्या डोळ्याला धोका नसतो, पण कोणाकडे रोखून धरणं बरं नाही आणि सूर्याकडे तर चुकूनही नाही, त्यात सहापट भिंग आहे.

आता हाताचं. सहापट मोठं दिसतं म्हणजे हाताची थरथर पण सहापट दिसते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सातपटवाले पण मिळतात, ते घ्यावेसे वाटतात, म्हाताऱ्या हातांसाठी घेऊ नका. बाबा पिन शोधायचे, सापडायची, बटण दाबताना बोटाच्या जोराने परत निसटायची. कोपरं छातीला टेकवा, दोन्ही हातांनी धरा, किंवा क्लब जमिनीवर उभा करून त्याच्या मुठीवर हात टेकवा, हे सगळं केलं, फरक पडतो, पण तरुणाला जितका पडतो तितका नाही. मग क्लबमधल्या एका काकांकडे हा निकॉनचा होता, त्यांनी एक राउंडभर दिला. यात आतलं चित्र स्थिर करायची सोय आहे, कंपनी म्हणते थरथर पाचव्या हिश्श्यावर येते, मी काही मोजलं नाही, पण बाबांनी डोळ्याला लावला, बटण दाबलं आणि म्हणाले, "अगं थांबला!" पिन थांबली त्यांच्यासाठी. मी तिथेच ठरवलं की हाच, बजेट काही असो. नुसतं चित्रच नाही, लेझर पण त्याच्यासोबत स्थिर राहतो, म्हणून पिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नातच मिळते. झाडं मागे असली आणि पुढची काठी पकडली गेली की आत हिरवी वर्तुळाची खूण येते आणि हाताला हलकी थरथर लागते. ही थरथर बऱ्याच कंपन्या देतात, बुशनेल तिला जोल्ट म्हणतं, आणि मला आधी वाटलं होतं उगाच चोचले, पण बाबांच्या भाषेत सांगायचं तर यंत्र हो म्हणतं, मग माणूस शंका काढत नाही आणि मनासारखा शॉट मारतो. गोल्फमध्ये याची किंमत खेळणाऱ्यालाच कळेल.

तुमचा हात स्थिर असेल तर मात्र स्थिरीकरणाचे पैसे घालू नका हो, खरंच. माझ्यासाठी एकटीसाठी घ्यायचा असता तर मी अर्ध्या किमतीतला, सहापट भिंगाचा, पिन पकडल्यावर थरथरणारा साधा घेतला असता आणि उरलेल्या पैशात वर्षभर शिकवणी लावली असती.

चष्मा. हा मुद्दा कुठल्याच व्हिडिओत धड सांगत नाहीत. चष्मा लावून बघायचं तर डोळा भिंगापासून लांब राहतो आणि मग आतलं गोल चित्र कडेने कापलं जातं, आकडा तर बरेचदा कडेलाच असतो. त्यासाठी आय रिलीफ बघायचा, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, मिलीमीटरमध्ये लिहिलेला असतो, या निकॉनला 18 आहे, बाबांना चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतं, रबरी कड मात्र मागे दुमडून घ्यावी लागते. आणि डोळ्याच्या भिंगाजवळ फिरणारी कडी असते ती ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे फिरवून आकडे स्पष्ट करायचे असतात. आम्ही दोघं एकच यंत्र वापरतो तर मी कडीवर पांढऱ्या नेलपॉलिशचा एक ठिपका बाबांसाठी आणि लाल माझ्यासाठी लावलाय. सुरुवातीला पंधरा दिवस आम्ही आकडे धूसर आहेत म्हणत यंत्राला दोष देत होतो, आणि कडीला कोणी हात लावलेला नव्हता.

आकड्यांच्या रंगाबद्दल एक. काळे आकडे असतात आणि लाल उजळणारे असतात. भर उन्हात काळे छान दिसतात, पण पहाटे किंवा संध्याकाळी मागे गर्द झाड असेल तर काळ्यावर काळं, काही दिसत नाही. आपल्याकडे मार्चपासून माणूस सकाळी सहाला टी ऑफ करतो (खेळ सुरू करतो) आणि नऊच्या आत घरी, त्यामुळे कमी उजेडात काय दिसतं हे जास्त महत्त्वाचं. लाल आकडे उजेडाप्रमाणे आपोआप कमीजास्त होणारे असतील तर उत्तम, यात तसे आहेत.

यार्ड आणि मीटर, हे कृपा करून पहिल्या दिवशी बघा. पहिल्या राउंडला आमचा मीटरवर होता. पिन 130 दाखवली, बाबांनी 130चा क्लब घेतला, सुंदर लागला, आणि पिनच्या बारा यार्ड अलीकडे पडला. 130 मीटर म्हणजे 142 यार्ड. बाबांना वाटलं आपलाच जोर गेला, पुढचे तीन होल ते गप्प होते, आणि मला चौथ्या होलला आत लहानसं एम दिसलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं. आता प्रत्येक राउंडच्या आधी 150च्या खुणेवर उभं राहून ग्रीनवर एकदा धरून बघतो, साधारण दीडशेच्या आगेमागे आला की निघायचं.

स्लोप. सगळ्यात जास्त पैसे याच शब्दावर मागतात. चढ-उतार असेल तर किती यार्डांचा शॉट मारायचा ते यंत्र सांगतं. लोकांना वाटतं यात नुसती शाळेतली भूमिती आहे, तसं नाही, भूमितीने काढलं तर चढावर आणि उतारावर दोन्हीकडे सरळ आडवं अंतर कमीच येतं, 150 यार्डांवर पाच अंशाचा चढ धरला तर आडवं अंतर 149 आणि थोडं, फरक काहीच नाही. खरा फरक बॉल हवेतून खाली कसा येतो त्याचा असतो, ग्रीन उंचावर असलं की बॉल पूर्ण उतरायच्या आधीच जमिनीला लागतो. म्हणून ढोबळ हिशोब असा की जितके यार्ड ग्रीन वर, साधारण तितकेच यार्ड जास्त मारा, उतारावर तितके कमी. आता सांगा, आपल्या सपाट बडोद्यात पाच यार्डांचा चढ कुठे शोधायचा? डोंगरातल्या कोर्सवर नेहमी खेळत असाल तर जरूर घ्या, तिथे फार उपयोग. बडोदेकरांनी केवळ स्लोपसाठी जास्त पैसे देऊ नयेत. आमच्यात आहे, तो चालू करण्याची वेळ फार क्वचित आली. उंची आणि तापमानाचा हिशोब करणारेही निघालेत, आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहोत, तेही सोडा.

आणि नियम, कारण क्लबमध्ये यावरून वाद झालेला मी ऐकलाय. जानेवारी 2019 पासून अंतर मोजणारं यंत्र वापरायला मुभा आहे, गोल्फच्या नियमांतला 4.3, त्याआधी स्थानिक नियमाने परवानगी दिली तरच चालायचं, आता उलटं आहे, कमिटीने स्थानिक नियम लावून बंदी घातली तरच नाही. स्लोप असलेलं यंत्र जवळ असायला हरकत नाही, पण स्पर्धेत स्लोप बंद हवा. चालू ठेवून वापरला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात त्यात) दोन फटक्यांचा दंड आणि दुसऱ्यांदा केलं तर बाद. म्हणून बाहेरून बंद दिसेल असा स्विच किंवा दिवा असलेलं घ्या, बुशनेलच्या शिफ्ट मॉडेलला बाजूला स्विच असतो, निकॉनच्या यात स्लोप बंद असताना हिरवा दिवा लुकलुकतो, सोबतच्या खेळाडूला लांबूनच कळतं आणि कोणाच्या मनात किंतु राहत नाही. बाबांना एक गोष्ट सांगायला फार आवडतं, 2021च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पहिल्यांदा पुरुषांच्या मेजरला (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एकीला) ही यंत्रं चालू दिली आणि त्याच वर्षी फिल मिकेलसन पन्नाशीत जिंकला, सगळ्यात जास्त वयाचा मेजर विजेता. यंत्रामुळे जिंकला असं नाही, पण बाबांना त्यातून हुरूप येतो तर येऊ दे.

बॅटरी. यात सीआर2 लागते, तीन व्होल्टची, पूर्वी रीळच्या कॅमेऱ्यात असायची ती जाडसर. रावपुऱ्यात दोन दुकानांत मला सीआर2032 काढून दिली, घड्याळाची चपटी, ती नाही. तिसऱ्या, जुन्या कॅमेरेवाल्यांकडे मिळाली. दोन आणून ठेवा, एक बॅगेत. चार्जिंगवाले पण बरेच आलेत, ज्यांना रोज फोन चार्जला लावतो तसा लावायची सवय आहे त्यांनी ते घ्यावेत, बाबा विसरतात म्हणून आम्हाला बॅटरीचाच बरा. आणि काहीही घ्या, मे महिन्यात गाडीत विसरू नका, बंद गाडीत काय तापतं माहितीच आहे.

धुकं आणि पाऊस असेल तर लेझर चुकू शकतो, कुठल्याही किमतीचा. थेंबांवरून प्रकाश परत येतो आणि आकडा येतो 14 यार्ड. हिवाळ्यात विश्वामित्रीच्या बाजूने सकाळी धुकं उतरतं तेव्हा अर्धा तास थांबायचं किंवा कॅडीचं ऐकायचं. तसंच झाडाआडचं, वळणापलीकडचं ग्रीन लेझरला दिसत नाही, तिथे जीपीएसचं घड्याळ बरं, ते पुढचं-मधलं-मागचं अंतर देतं, पण आपल्या कोर्सचा नकाशा त्यात आहे का ते घ्यायच्या आधी बघून घ्या. मॅग्नेटवाले कार्टच्या दांड्याला चिकटतात, आम्ही चालतो आणि बॅग कॅडीकडे असते, बाबांनी पट्ट्याला पाऊच लावलाय, काही अडत नाही. बिल पक्कं घ्या, भारतातली वॉरंटी लिहिलेलं, बाहेरून कोणी आणलेला स्वस्तातला घेऊ नका कारण आतलं काही बिघडलं तर इथे कोण उघडणार.

किमती मी बघितल्या तेव्हा साधे दहा हजारांच्या आगेमागे सुरू, मधले पंधरा ते पंचवीस, आणि वरचे त्याच्या पुढे बरेच. मधल्यात सुद्धा पिन नीट पकडणारे आहेत, कमाटीबागेतली परीक्षा तेवढी घ्या.

बाबांचा फरक सांगते. स्कोअर खूप उतरला असं नाही, दोन-तीन फटके (गोल्फमध्ये फटके कमी तेवढं चांगलं). पण आता ते क्लब निवडून उभे राहतात आणि परत बॅगेकडे बघत नाहीत. कॅडी अजून आधी आपला आकडा सांगतो, मग बाबा बघतात, मग दोघं मिळून ठरवतात, आणि परवा त्याने 135 सांगितलं आणि यंत्राने 136, तेव्हा बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सोडायचं नाव त्यांनी त्यानंतर काढलेलं नाही. बडोद्यातल्या कोणाला हातात घेऊन बघायचा असेल तर रविवारी सकाळी ते कोर्सवर असतात, हौसेने दाखवतील, फक्त पहिला प्रश्न ते तुम्हालाच विचारतील, यार्ड की मीटर.